न सोडलेले पट्टे

ती गाडी पहिल्यांदा गॅरेजमधून बाहेर पडली तेव्हा आवाजच झाला नाही. आम्ही सगळे दाराशी कानांत बोळे घालून उभे होतो. शर्यतीची गाडी सुरू होताना पोटात जो हादरा बसतो, त्याची इतक्या वर्षांची सवय. ही मात्र बारीक गुणगुणत, एखाद्या शहाण्या सुनेसारखी खाली बघत निघून गेली, आणि पार वळणाजवळ पोहोचल्यावर तिचं इंजिन बोललं. शेजारच्या गॅरेजमधला एक मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "भात झाला वाटतं." तेव्हापासून सर्किटवर तिचं नाव भाताचा कुकर पडलं.

माझ्या भावाला, नोबुहिकोला, त्या नावाचा फार राग यायचा. गाडीतला विजेचा सगळा भाग त्याचा होता. मला मात्र ते नाव आवडायचं. कुकर घरात असला की माणूस निर्धास्त असतो.

मी या धंद्यात आले ती घड्याळं घेऊन. आमच्या तरुणपणी संगणक नव्हते. गॅरेजच्या पुढे उंच स्टुलावर बायका बसायच्या, कुणाची बायको, कुणाची बहीण, गळ्यात दोन-दोन स्टॉपवॉच. गाडी समोरून गेली की एक दाबायचं, दुसरं सोडायचं. पावसात घड्याळावर प्लास्टिकची पिशवी आणि डोक्यावर टोपलीएवढी टोपी. आम्हांला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं की कोण दमलाय आणि कोण रागावलाय. पुढे यंत्रं आली आणि आमची स्टुलं गेली. संघाचे तेव्हाचे मालक म्हणाले, सुमिएसान, तुम्ही जाऊ नका, पोरांना जेवायला घाला. म्हणून मी गॅरेजच्या मागच्या बाजूला स्वयंपाक करू लागले. भाताचे मुटके, डुकराचं मांस आणि मुळा घातलेलं मिसो सूप, थंडीत उकडलेली अंडी. सगळे मला मावशी म्हणत. ताई म्हणणारा एकटा नोबु. आई लवकर गेली, त्यामुळे तो माझ्याच हाताखाली वाढला.

हायब्रीडचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा संघात कुणालाच ते नको होतं. गाडी केवळ शर्यतीसाठी घडवलेली, रस्त्यावर कधीच न जाणारी. मागे पेट्रोलचं इंजिन, पुढच्या चाकांना विजेची मोटर. ब्रेक दाबला की तीच मोटर उलटं काम करायची, चाकांचा वेग खाऊन त्याची वीज करायची आणि बॅटरीत भरायची. वळण संपलं की ती वीज परत चाकांना. दर फेरीला किती इंधन जाळायचं यावर नियमाचं बंधन, त्यामुळे थांबताना जो जास्त कमावेल तो पळताना पुढे. कागदावर हे फार सुंदर दिसायचं.

अडचण पायाची होती. चालक पेडल दाबतो तेव्हा त्यातला किती जोर खऱ्या ब्रेकला जाणार आणि किती मोटरला, हे क्षणोक्षणी बदलायचं. बॅटरी भरली की मोटर एकदम हात वर करायची, आता मला नको म्हणून. ताशी तीनशेच्या वेगात ब्रेक दाबलेल्या माणसाला पायाखालची पायरीच नाहीशी झाल्यासारखं वाटायचं. दोन चालक या गाडीला कंटाळून दुसऱ्या संघात गेले. राहिला तो किर्यू.

किर्यूसान बोलायला फार कमी. चाचणी संपवून यायचा, हेल्मेट काढायचा, थोडा वेळ बुटांकडे बघायचा आणि म्हणायचा, "टोफूवर पाय पडल्यासारखं." किंवा, "पहिल्यांदा ओला भात, मग दगड." बाकीचे इंजिनियर एकमेकांकडे बघत. नोबु मान हलवायचा, संगणकाकडे जायचा आणि काहीतरी बदलायचा. दुपारी किर्यू पुन्हा गाडी नेऊन आणायचा. "आता टोफू, पण दाबून पाणी काढलेला." त्यावर नोबु खूश. असं नऊ वर्षं चाललं. एकदा मी विचारलं, तुला यातलं कळतं तरी काय? तो म्हणाला, ताई, हा माणूस कधीच चुकीचा शब्द वापरत नाही, ऐकणाऱ्याला फक्त घाई नको. हळूहळू पेडल असं झालं की पायाला वीज आणि ब्रेक यांतला सांधाच लागेना. शर्यतीत ब्रेक डाव्या पायानं दाबतात, म्हणून संघातले सगळे म्हणत, या गाडीला डावा पाय आहे आणि तो किर्यूचा आहे.

मग ती जिंकू लागली. आधी सहा तासांच्या शर्यती, मग फ्रान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दुसरा नंबर. कुकर म्हणून हसणारे आमच्या गॅरेजच्या दारात मोबाइल घेऊन उभे राहू लागले. फक्त घरच्या सर्किटवर, फुजीच्या पायथ्याशी, तिला यश येईना. एकदा धुक्यात शर्यत अर्धवट थांबली, एकदा बॅटरीचं पाणी गळलं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात किर्यूनं जाहीर केलं की फुजीची शर्यत ही आपली शेवटची. त्रेचाळीस वर्षांचा झाला होता. त्याचे वडील डोंगरापलीकडच्या एका लहान गावात न्हावी. त्यांनी दुकान बंद ठेवून गिऱ्हाइकांची एक बसच भरून आणली होती. सरळ रस्त्यासमोरच्या बाकांवर ही सगळी म्हातारी मंडळी एक लांब कापडी फलक धरून बसली होती. फलक घरीच रंगवलेला, त्यामुळे शेवटची अक्षरं जागा न उरल्यानं चिमटलेली. किर्यूनं स्वतः काही मागितलं नव्हतं. पण शेवटचा टप्पा त्याचा, झेंडा तोच घेणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीसुद्धा. घरच्या सर्किटवर, त्यानं स्वतःच्या पायानं घडवलेल्या गाडीत, वडिलांसमोर त्यानं रेषा ओलांडावी, एवढीच गोष्ट होती.

त्याच्या जोडीला आसाहिना नावाचा तरुण चालक. चांगला मुलगा, जेवणानंतर स्वतःचा वाडगा धुऊन ठेवणारा. किर्यूनंच त्याला ही गाडी शिकवली होती.

सहा तासांपैकी पाच तास झाले तेव्हा आमची गाडी पुढे होती, किर्यू आत होता आणि मागे जर्मन संघाची गाडी. मी मागे मुळा चिरत होते, त्यामुळे पुढे काय चाललंय ते मला आवाजांवरून कळत होतं तेवढंच. त्यानंतरचं मी पुष्कळांकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहे.

इंधनासाठी आणि टायरसाठी शेवटचं थांबणं जवळ आलं होतं. नोबु पडद्यांसमोर बसला होता, शेजारी संघाचे प्रमुख ओगुशी. नोबुचं गणित सांगत होतं की किर्यू असाच चालवत राहिला तर जर्मन गाडी शेवटच्या दोन फेऱ्यांत त्याला गाठेल. तो दमला होता, ब्रेक थोडे लवकर लावत होता. ताजा आसाहिना बसवला तर आघाडी टिकेल, थोडक्यात का होईना. ओगुशींनी आकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुम्हीच विचारा. तुमचं ते ऐकतात." म्हणजे सांगणं कुणालाच नको होतं. ओगुशींना नको होतं म्हणून त्यांनी नोबुवर ढकललं, आणि नोबुला नको होतं म्हणून त्यानं सांगण्याऐवजी विचारलं.

रेडिओवर तो म्हणाला, "किर्यूसान, फार वेळ झाला तुम्हांला. पुढच्या थांब्याला, आसाहिनाची तयारी आहे, तर..."

एवढंच. पुढचं वाक्य त्यानं सोडून दिलं. आमच्याकडे मोठ्या माणसाला पूर्ण वाक्यात काही सुचवत नाहीत. शेपूट तोडून ठेवायचं, समोरचा जोडून घेतो.

थोडा वेळ नुसतं इंजिन ऐकू आलं. मग किर्यू म्हणाला, "दाइजोबू."

आता हा शब्द म्हणजे ठीक आहे, चालेल, हरकत नाही. आणि हाच शब्द म्हणजे नको, राहू दे, माझं बरं चाललंय. दुकानात पिशवी हवी का विचारलं तर दाइजोबू म्हणजे नको. उशीर झाला तर चालेल का विचारलं तर दाइजोबू म्हणजे चालेल. म्हणणाऱ्याला ठाऊक असतं आणि ऐकणाराही सहसा चुकत नाही.

नोबु म्हणाला, "समजलं." किर्यूनंही तो शब्द ऐकला, आणि त्याला वाटलं की विषय संपला.

गाडी आत आली. चालक बदलायचा असतो तेव्हा आतला माणूस गाडी थांबायच्या आधीच खांद्यांवरचे पट्टे सैल करतो, म्हणजे दार उघडताच बाहेर पडता येतं. गाडी थांबली. दार उघडलं. आसाहिना हेल्मेट घालून, आपल्या मापाची सीटची गादी काखेत घेऊन दाराशी उभा. आणि आत किर्यू, सगळे पट्टे घट्ट, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर बघत. तो इंधनाची वाट बघत होता.

दारावरच्या मेकॅनिकचा हात तसाच थांबला. किर्यूनं मान वळवून आसाहिनाकडे पाहिलं. हेल्मेटमधून चेहरा दिसत नाही, पण सगळे सांगतात की तो एक श्वासभर नुसता बघत राहिला. मग त्यानं बक्कल दाबलं, बाहेर आला, आणि रिवाज असतो तसं वाकून आसाहिनाचे पट्टे स्वतःच्या हातानं ओढून बांधले. हेल्मेटवर दोनदा थोपटलं. गाडी गेली.

तो मागच्या दारानं माझ्या स्वयंपाकाकडे आला आणि मुळ्याच्या रिकाम्या खोक्यावर बसला. हेल्मेट काढलं नाही. मला वाटलं पोटात कळ आली असेल, म्हणून तर चालक बदलला. मी पाणी देऊ का म्हणून विचारलं. "दाइजोबू, मावशी," तो म्हणाला. मी पेला परत ठेवला.

आम्ही जिंकलो. जर्मन गाडी आसाहिनाच्या अगदी मागे होती, पण मागेच राहिली. गॅरेजमध्ये मोठी माणसं पोरांसारखी रडली. मग टीव्हीवर त्यांनी तो रेडिओवरचा संवाद लावला. नोबुचा आवाज, मधली शांतता, किर्यूचा तो एक शब्द. शेवटच्या शर्यतीत, घरच्या लोकांसमोर, या माणसानं संघासाठी आपली जागा सोडली, असं निवेदक म्हणाला. गॅरेजमधले काही जण टाळ्या वाजवू लागले, आणि टाळ्या वाजता वाजता विरल्या. कारण दाराशी जे उभे होते त्यांनी ते पट्टे पाहिले होते. कुणी कुणाकडे बघेना. मी नोबुला शोधलं. तो पडद्यांच्या तारा गुंडाळत होता. ते काम त्याचं नव्हतं.

बक्षिसाच्या चौथऱ्यावर किर्यू हसला, शॅम्पेन उडवली. एका वार्ताहरानं विचारलं की एवढा मोठा निर्णय तुम्ही कसा घेतला? तो म्हणाला, "मी फक्त एकच शब्द बोललो." सगळे हसले आणि पुन्हा टाळ्या पडल्या. समोर म्हाताऱ्या मंडळींनी फलक डोक्यावर उचलून धरला होता.

शर्यत जिंका नाहीतर हरा, पुढच्या आठवड्यात आमच्याकडे आत्मपरीक्षणाची सभा होतेच. एकेकानं उभं राहून आपलं काय चुकलं ते सांगायचं. जिंकल्यावर तर जास्तच, म्हणजे माज चढत नाही. मी चहा घेऊन गेले होते, तर ओगुशींनी मलाही उभं केलं. मी म्हटलं, सूप खारट झालं होतं. ते म्हणाले, "म्हणूनच जिंकलो, मावशी. तहान लागली म्हणून पोरांनी लवकर आटपलं." खोली हसली. टायरवाला म्हणाला, एक नट पहिल्या झटक्यात बसला नाही. इंधनवाला म्हणाला, नळी काढताना मी खाली बघितलं. सगळी अशीच बोटाएवढी पापं.

मग ओगुशींनी कागदावरची पुढची ओळ वाचली. शेवटच्या थांब्यात चालक बदलताना चार सेकंद वाया. कारण?

मी किटली हातात धरून भिंतीशी उभी होते. नोबु उठला. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी व्हायचे तसे. "त्या वेळी माझ्या विचारण्यात..." असं म्हणून तो थांबला. पुढचा शब्द शोधत होता. मला आठवतं, मी मनात म्हणत होते, बोल, एवढंच बोल, मग बस.

किर्यूनं बसल्या जागी हात वर केला. "ते माझं," तो म्हणाला. "पट्टे सैल करायला विसरलो. वीस वर्षं नीट केलं आणि शेवटच्या दिवशी विसरलो. निवृत्त होतोय ते बरंच झालं म्हणायचं."

सगळे हसले. किती मोठ्यानं हसले ते अजून कानात आहे. सुटका झाल्यासारखे. ओगुशींनी लिहून घेतलं, चालकाची चूक. नोबु उभाच होता. कुणीतरी त्याच्या कोटाला हलकेच धरून खाली ओढलं, आणि तो बसला.

तो उभाच राहू शकला असता.

त्यानंतर तो माझ्याकडे जेवायला यायचा आणि वाडग्यात काड्या फिरवत बसायचा. वर्तमानपत्रांत त्याचे फोटो येत होते. कुठल्याशा विद्यापीठानं व्याख्यानाला बोलावलं, विषय काय तर, चालक आणि यंत्र यांच्यातला विश्वास. ते पत्र त्यानं माझ्यासमोर उलटं करून ठेवलं. मी म्हटलं, चूक झाली, माणूस ऐकताना चुकतो, जाऊन सांग त्याला. त्यानं मान हलवली नाही की नाकारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. ज्यानं नऊ वर्षं या माणसाच्या ओल्या भाताचा आणि टोफूचा अर्थ लावला, त्याला एवढा साधा शब्द कळला नाही? मी विचारलं नाही. विचारलं की उत्तर घ्यावं लागतं.

रविवारी आम्ही दोघं किर्यूच्या घरी निघालो. असल्या कामाला घरातलं मोठं माणूस बरोबर लागतं, आणि आमच्या घरात मोठी मीच. मी काळे कपडे घातले होते. वाटेत गोटेम्बा गावातल्या जुन्या मिठाईवाल्याकडे थांबून नोबु योकानची, म्हणजे गोड वड्यांची, पेटी आणायला गेला, बऱ्याच वेळानं परत आला. पेटी त्यानं माझ्या मांडीवर ठेवली आणि मी पाहिलं तर वरच्या कागदावर लाल-पांढरी गाठ छापलेली, आणि शाईनं ठसठशीत लिहिलेलं, अभिनंदन.

"हे काय? माफीला जातोय आपण," मी म्हटलं.

दुकानातल्या मुलीनं त्याला टीव्हीवर पाहिलं होतं. तिनं आतून आईला बोलावलं, दोघींनी वाकून अभिनंदन केलं आणि न विचारताच तो कागद चिकटवून पेटी बांधली. "तिला कसं सांगणार, ताई? इतक्या आनंदानं बांधत होती."

"साधा कागद दे म्हणायचं. त्यात काय कसं?"

तो पुढे रस्त्याकडे बघत राहिला. मी कागद काढायला घेतला, तर तो पेटीला चिकटवलेला. फाडला असता तर पेटी आणखी वाईट दिसली असती. मी तशीच ती फडक्यात बांधली. आत गेल्यावर तोंडानं तरी नीट बोल, म्हणाले.

किर्यूच्या बायकोनं दार उघडलं. ती हसून आम्हांला आत घेऊन गेली, आणि आत चटईवर किर्यूचे वडील बसले होते. ते येणार हे आम्हांला ठाऊक नव्हतं. लहानखुरा, स्वच्छ माणूस, पांढरे केस इतके नीट कापलेले की बघत राहावं. समोर टीव्ही चालू होता आणि त्यावर तीच शर्यत. नोबुला पाहून त्यांनी आवाज बंद केला आणि सरसावून बसले.

मी फडकं सोडलं. लाल-पांढरी गाठ बघून म्हातारा खुलला. "अरे वा, अभिनंदनाचं. सूनबाई, देवापुढे ठेव आधी, तुझ्या सासूच्या फोटोला दाखव." 

म्हातारा बोलू लागला. गावात रोज कुणी ना कुणी दुकानात येतं, म्हणाले, केस कापायचे नसले तरी. शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांना त्या शब्दाची गोष्ट सांगितली. "मी आयुष्यभर याला म्हणत आलो, तू फक्त स्वतःसाठी पळतोस. याची आई आजारी होती तेव्हाही हा परदेशात पळत होता. मी याच्याशी दोन वर्षं बोललो नव्हतो, ठाऊक आहे तुम्हांला? आणि बघा, शेवटी यानं काय केलं."

किर्यू दाराच्या चौकटीशी बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग नोबुकडे, आणि म्हणाला की बागेतली पर्सिमन फळं काढून देतो, या. आम्ही तिघं बाहेर आलो. झाड घराच्या बाजूलाच, खिडकीसमोर.

नोबुनं पायाखालच्या खडीकडे पाहिलं आणि कपाळ टेकून माफी मागायला गुडघे वाकवले. किर्यूनं झटकन त्याचं कोपर धरलं. "नको. वडील बघतायत."

दोघं तसेच उभे राहिले, फळं निवडत असल्यासारखे. नोबु म्हणाला, "मला ऐकू आलं होतं."

मला वाटलं, तो पुढे आणखी काही बोलेल. रेडिओ खरखरत होता, गणित चुकीचं नव्हतं, ओगुशींनी ढकललं. तो तसं काहीही बोलला नाही. "तुम्ही नको म्हणालात, हे मला ऐकू आलं होतं. शब्दाला दोन अर्थ आहेत म्हणून मी दुसरा घेतला."

किर्यूनं एक फळ पिळून देठापासून तोडलं. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "नऊ वर्षांत तुम्ही माझं काही चुकीचं ऐकलं नाहीत. दार उघडलं तेव्हाच कळलं." त्यानं फळ माझ्या हातात दिलं. ते अजून कडक होतं. "तुम्ही उतरा म्हणाला असतात तर मी पट्टे सोडून आलो असतो. गणित मलाही येतं. मला विचारलंत कशाला?"

चाळीस वर्षं मी या लोकांना जेवायला घातलं होतं आणि असला साधा प्रश्न कुणी कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता.

"सभेत तुम्ही का..." नोबु म्हणाला आणि सवयीनं वाक्य तिथंच सोडलं.

"सभेआधी वडिलांचा फोन येऊन गेला होता," किर्यू म्हणाला. "दोन तास बोलत होते. आता तो शब्द त्यांनी ऐकला तसाच राहू दे. तुम्ही त्याला हात लावू नका. माझी माफी मागू नका, कारण मी ती घेतली तर मला घरात जाऊन त्यांना सांगावं लागेल." तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "चला आत, चहा निवतोय."

आत म्हाताऱ्यानं आमच्यासाठी उशा सरळ करून ठेवल्या होत्या. योकान कापून आलं होतं, त्याची जाड काळी वडी बशीत चकाकत होती. त्यांनी नोबुला जवळ बोलावलं. टीव्हीवर नीट कळत नाही, म्हणाले, तुम्ही तिथे होतात, तुमच्या तोंडून ऐकायचंय. हा म्हणाला तेव्हा याचा आवाज कसा होता? लगेच म्हणाला की विचार केला?

नोबुनं किर्यूकडे पाहिलं. किर्यू चहा ओतत होता आणि त्यानं वर बघितलं नाही.

मग माझ्या भावानं सांगितलं. गाडी कुठे होती, किती फेऱ्या उरल्या होत्या, जर्मन गाडी किती जवळ आली होती. आपण काय विचारलं ते. मग इंजिनाचा आवाज, मग थोडी शांतता. "विचार केला त्यांनी," तो म्हणाला. "मग म्हणाले." तो सगळं खरंच सांगत होता, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि मला जन्मात कधी एवढी लाज वाटली नव्हती. मी चटईच्या काठावरचं हिरवं कापड बघत होते, तिथे एक धागा सुटला होता.

"आणि आवाज?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"शांत होता," नोबु म्हणाला.

म्हाताऱ्यानं डोळे पुसले. मग ते उशीवरून मागे सरकले, दोन्ही हात चटईवर टेकले आणि म्हणाले की माझ्या मुलाला तुम्ही इतकी वर्षं सांभाळलंत, त्याचं ऐकून घेतलंत, आम्ही तुमचे ऋणी आहोत. आणि त्यांनी कपाळ खाली नेलं, अगदी चटईला लागेपर्यंत. नोबु आणि मी घाईघाईनं वाकलो, पण त्यांच्यापेक्षा खाली जायला जागाच उरली नव्हती.